हिरव्या रिळाचा पलंग

सोमवार, ९ सप्टेंबर

ज्यांच्या आयुष्यात काही घडते त्यांनी दैनंदिनी लिहावी, अशी माझी शाळेपासूनची समजूत आहे. माझ्या आयुष्यात आजवर परीक्षांखेरीज काही घडलेले नाही. तेव्हा लिहिण्याचे हे धाडस करण्यापूर्वी या कोऱ्या पानांची मी मनापासून क्षमा मागते. धाडस माझे नाही, मिस रोझलिन यांचे आहे. बालसंरक्षण विभागात नव्याने लागलेल्या आम्हा सहा जणांना त्या सहा आठवडे शिकवणार आहेत. त्यांनी आज पहिल्याच तासाला प्रत्येकाला एक वही दिली.

"रोज लिहा," त्या म्हणाल्या. "मी वाचणार नाही. पण न लिहिणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो."

मराठीत लिहिले तर ओहायोच्या या कोपऱ्यात आईबाबांशिवाय कुणालाच वाचता येणार नाही, आणि त्या दोघांना माझ्या वह्या उघडण्याची सवय नाही. गुप्ततेची शपथ त्यामुळे आपोआपच पाळली जाईल.

प्रशिक्षण काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, 'सरावाच्या घरात' होते. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या पांढऱ्या लाकडी घरात पूर्वी एक बाई अनाथ मुले सांभाळीत असत. जाताना त्या घर सामानासकट काउंटीला देऊन गेल्या. आता तिथे खोटी संकटे मांडून ठेवतात आणि आम्ही दार वाजवून आत जायचे. आई, आजी, शेजारी अशी सोंगे गावातलीच माणसे घेतात. त्यांच्यात मुख्य म्हणजे मिस ओपल. तीस वर्षे त्यांनी शाळेची बस चालवली. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

गुरुवार, १२ सप्टेंबर

आज माझी फजिती झाली.

मिस ओपल नातवंड सांभाळणारी आजी झाल्या होत्या. मी दार वाजवले, पायातले बूट काढून बाहेर ठेवले आणि 'बस' म्हणताच बसले. त्यांनी मक्याची भाकरी आणि ताक पुढे केले. मी ते संपवले. मुलाच्या शाळेची चौकशी केली, बागेतल्या टोमॅटोंचे कौतुक केले आणि आभार मानून उठले. बाहेर मिस रोझलिन घड्याळ पाहत उभ्या होत्या.

"फ्रिज उघडून पाहिलास?"

"नाही, मॅडम."

"औषधं कुठे ठेवलीत? मूल झोपतं कुठे?"

परक्या घरात शिरून तिथल्या बाईच्या देखत तिचा फ्रिज उघडायचा, या विचारानेच माझे कान तापले. ज्या आत्याने मला वाढवले तिने शिकवले होते की दुसऱ्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबावे आणि पाणी मागितल्याशिवाय घेऊ नये.

मिस ओपल पदराऐवजी एप्रनला हात पुशीत बाहेर आल्या. "रोझलिन, हिला काही बोलू नकोस. इतकी गोड पोरगी आहे, अजून एक तुकडा भाकरी खाल्ली असती तर हिलाच मी ठेवून घेतलं असतं."

सगळे हसले. मी सुद्धा.

नंतर मिस रोझलिन यांनी मला एकटीला घरभर फिरवून पाहायचे कसे ते दाखवले. वरच्या खोलीत मुलाचा पलंग आहे. पांढरा, लोखंडी, चाकांचा. चार कोपऱ्यांवर चार पितळी बोंडे असायला हवीत. त्यांतले एक हरवले आहे आणि त्या जागी कुणीतरी दोऱ्याचे लाकडी रीळ हिरवे रंगवून बसवले आहे. मला तो पलंग फार आवडला. आत्याच्या क्वार्टरमधला पलंगही लोखंडीच होता. दवाखान्यातून निकामी ठरवलेला, एका पायाखाली वीट लावलेला.

"प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा पलंग," मिस रोझलिन म्हणाल्या. "हे पहिलं बघायचं."

मी लिहून घेतले.

बुधवार, १८ सप्टेंबर

गृहपाठ: आपण ज्या घरात वाढलो त्याचा नकाशा काढा आणि ते परके घर आहे असे समजून नियमांनुसार तपासा.

मी चाकूरजवळच्या आरोग्य केंद्राच्या आवारातले आत्याचे क्वार्टर काढले. मी दोन वर्षांची असताना बाबांना इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. आईही त्यांच्याबरोबर आली आणि कागदपत्रे होईपर्यंत मी आत्याकडे राहिले. कागदपत्रांना पंधरा वर्षे लागली. आत्या तिथे नर्सबाई होती.

काढताना वेळ कसा गेला कळले नाही. पेन्सिलीला स्पिरिटचा वास येत आहे असा भास होत होता. खिडकीला दवाखान्याचाच हिरवा पडदा. पत्र्याच्या पेटीत कात्र्या आणि चिमटे. मागे तुळशीशेजारी पाणी तापवायची चूल. अपरात्री कुणीतरी "नर्सबाई, चला, दिवस भरलेत तिचे" म्हणत कडी वाजवायचे. मग आत्या मला चादरीसकट उचलून शेजारच्या कंपाउंडरकाकूंच्या अंथरुणावर ठेवून जायची. सकाळी जाग यायची ती पुन्हा आत्याच्याच पाठीशी. मधला प्रवास मला कधी कळलाच नाही.

नियमांनुसार निष्कर्ष: औषधे मुलाच्या हाताशी. धारदार वस्तू कुलुपाविना. उघडी चूल. रात्री मूल वेळोवेळी इतरांच्या स्वाधीन. मुलाला स्वतंत्र पलंग नाही. घर अपात्र.

मिस रोझलिन यांनी पूर्ण गुण दिले. खाली पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: 'आणि तिथे तुला भीती वाटायची का?'

उत्तरात काहीतरी राहून गेले आहे असे दिसते. मी वर्गमित्रांच्या वह्या पाहिल्या. कुणाच्याच खाली हा प्रश्न नव्हता. नियमपुस्तिकेत भीतीसाठी रकाना नाही, म्हणून कोणत्या रकान्यात भर घालावी ते समजले नाही.

गुरुवार, २६ सप्टेंबर

दुसरी चाचणी. आज मी बूट काढले नाहीत. फ्रिज, औषधे, धुराची घंटा, नळाचे गरम पाणी, जिन्याचा कठडा, हिरव्या रिळाचा पलंग, सगळे पाहिले. मिस ओपल आज चिडक्या आईच्या सोंगात होत्या. त्यांनी माझ्या मागून घरभर फिरत "आता माझी जीभ पण बघतेस का?" असे विचारले. तरी मी डगमगले नाही.

पैकीच्या पैकी गुण.

मिस रोझलिन यांनी गुणपत्रिका देता देता विचारले, "सोफ्यावर मूल म्हणून कापडी बाहुली बसवली होती. तिचे मोजे कोणत्या रंगाचे होते?"

मला सांगता आले नाही. बाहुली होती, हे आठवत होते.

"असू दे," त्या म्हणाल्या. "गुण काही कापत नाही."

शाळेत बक्षीस मिळाले की आत्या त्या दिवशी साखरेचा पराठा करायची आणि बाह्यरुग्ण विभागातल्या सगळ्यांना माझा नंबर सांगायची. ताप आलेल्या माणसांना सुद्धा. येथे मी गुणपत्रिका फ्रिजवर चुंबकाने लावली आहे. आई म्हणाली, "छान."

मंगळवार, १ ऑक्टोबर

सरावाच्या घरातली वरची खोली आज बंद होती. "रंग लावलाय, वास डोक्यात जाईल," मिस ओपल म्हणाल्या. मला रंगाचा वास आला नाही. सर्दी झाली असावी. आम्ही खालच्याच खोल्या तपासल्या.

उद्या माझी पहिली खरी गृहभेट आहे, ज्येष्ठ सहकारी वेंडेल यांच्यासोबत.

बुधवार, २ ऑक्टोबर

शपथेनुसार मुलीचे नाव मी येथेही लिहिणार नाही. तिला जाई म्हणते. सात वर्षांची आहे. तिची आई नशेच्या गोळ्यांमुळे मरता मरता वाचली आणि आता व्यसनमुक्ती केंद्रात आहे. उन्हाळ्यापासून जाई आजीकडे आहे. आजीला इथे सगळे म्हणतात तसे ती मॅमॉ म्हणते. अठरा तारखेला न्यायालयात सुनावणी आहे. मॅमॉचे घर योग्य ठरले तर जाई तिथेच राहील. न ठरले तर उत्तरेकडे, गाडीने तीन तासांवरच्या एका परवानाधारक कुटुंबात जाईल. घराचा अहवाल मी लिहायचा आणि वेंडेल यांनी त्यावर प्रतिस्वाक्षरी करायची, असे ठरले आहे.

घर डोंगराच्या घळीत आहे. ओढ्यावरून फळ्यांचा पूल. मॅमॉने आधीच सांगून टाकले, "चुलीभोवती जाळी लावलीय. बंदूक भावाकडे ठेवलीय. आणखी काय बघायचं ते बघा." चुलीवर घेवड्याचे दाणे शिजत होते आणि सगळ्या घराला त्यांचा वास होता. चाकूरला शनिवारी दुपारी असा वास असायचा.

मी क्रमाने सारे पाहिले. मागच्या लहान खोलीत जाईचा पलंग आहे. पांढरा, लोखंडी, आणि काय योगायोग, त्याच्याही एका कोपऱ्यावर हिरवे रीळ! या भागात हरवलेल्या बोंडाच्या जागी रीळ लावण्याची जुनी चाल असावी. परक्या घरात ओळखीचे माणूस भेटावे तसे मला झाले. ठिगळांची गोधडी एकाही सुरकुतीशिवाय ताठ अंथरली होती.

जाई खोलीच्या दारातच उभी राहिली. मी विचारले, "हा तुझाच पलंग ना?"

तिने मॅमॉकडे पाहिले. "हो, मॅम."

माझ्या नोंदी: मूल आज्ञाधारक. घर नीटनेटके. स्वतंत्र पलंग: आहे.

वेंडेल यांनी गाडीतच सही केली. "पहिलीच भेट आणि एकही खाडाखोड नाही," ते म्हणाले. "असंच चाललं तर मला लवकर निवृत्त करशील."

सोमवार, ७ ऑक्टोबर

वरची खोली उघडली आहे. भिंतींचा रंग जुनाच आहे.

पलंग जागेवर होता. त्याच्या चाकांत तांबडी चिकणमाती वाळून बसली होती. सरावाच्या घराभोवती खडी आहे. तांबडी माती मी गेल्या बुधवारी पाहिली होती, ओढ्यावरच्या पुलाशी, माझ्याच बुटांना लागलेली.

मी बराच वेळ खाली बसून ते चाक पाहत राहिले. नखाने माती खरवडली. मग मला सर्दी नव्हती, हे लक्षात आले.

मागून मिस रोझलिन यांनी हाक मारली, "मुक्ता, वर काय करतेयस?"

मी म्हणाले, "पलंग पाहतेय."

शाळेत मी कधी कॉपी केली नाही. कुणी केलेली पाहिली तरी माझीच मान खाली जायची. आज माझ्या पहिल्या खऱ्या अहवालात एक खोटी खूण आहे, आणि ती मी सुवाच्य अक्षरात केली आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज दसरा. आईने श्रीखंड केले आहे. मी मात्र सकाळीच चर्चच्या मागच्या अंगणात गेले. तिथे दर वर्षी या सुमारास सफरचंदाचा गर आटवतात. तांब्याची एवढी मोठी कढई की आत्याचे सगळे क्वार्टर जेवले असते. पहाटे विस्तव पेटतो आणि संध्याकाळपर्यंत लांब दांड्याने ढवळत राहावे लागते. क्षणभर थांबले की तळाला लागते.

मिस ओपल यांच्या हातात दांडा होता. मला पाहताच त्यांनी तो माझ्या हातात दिला. आता मला हलता येईना.

"मिस ओपल, मॅमॉच्या घरी तुमचा पलंग होता."

"ढवळ. कडेनं फिरव, मधेच नको."

"तुम्हीच नेला होता."

"मी? माझे गुडघे बघ आधी. भाच्याच्या ट्रकनं गेला."

"किती घरांत गेलाय तो?"

"मोजले नाहीत. मोजायची हौस तुम्हा लोकांना."

"हे खोटं आहे, मिस ओपल."

"खोटं काय त्यात? तुला पलंग बघायचा होता, तुला पलंग दिसला. पोर झोपते कुठे, हे विचारलंस तू तिला?"

मी विचारले होते ते 'हा तुझाच पलंग ना' असे. त्या प्रश्नाला सात वर्षांचे मूल दुसरे काय उत्तर देणार?

मिस ओपल यांनी एक लाकूड आत सरकवले. "हे आजचं नाही, पोरी. माझी आई लहान होती तेव्हा पण टोपी घातलेली बाई यायची, घरात दूधदुभतं आहे का बघायला. सगळ्या घळीत मिळून धड गाय एकच. बाई पुढच्या दारातून आत गेली की गाय मागच्या वाटेनं पुढच्या घरी. शेवटी बाईनं लिहिलं म्हणे, या घळीत घरोघर गाय आहे आणि सगळ्या गाईंचं डावं शिंग मोडलेलं आहे."

मला हसू आले. हसू संपल्यावर मी विचारले, "पण एखादं घर खरंच वाईट असलं तर?"

"मी आधी बघून येते. उगाच नाही देत."

"आणि तुमची नजर चुकली तर?"

त्या कढईत बघत होत्या.

"चुकली एकदा," त्या म्हणाल्या. "ढवळ, मुक्ता. थांबलीस तू."

खरेच थांबले होते. करपल्याचा बारीक वास आला. पलीकडून कुणीतरी ओरडले, "कोण झोपलंय रे कढईवर?"

"सांगणार आहेस?" मिस ओपल यांनी विचारले.

"माहीत नाही."

"सांगितलंस तर शुक्रवारी पोर जाईल. लांब, परक्या घरी. तिथे तिला स्वतःचा पलंग असेल, ते आहेच."

जाताना त्यांनी गराची एक बरणी माझ्या हातात ठेवली. घरी आईने विचारले, हे काय. मी म्हणाले, सफरचंदाचा मुरंबा. सोने द्यायचे राहूनच गेले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

वेंडेल यांना सर्व सांगितले. त्यांनी आधी डोळे चोळले, मग खुर्ची मागे सरकवून छताकडे पाहिले.

"मी त्या पलंगावर याआधीही सही केली असणार," ते म्हणाले. "हिरवं रीळ. देवा रे." मग जरा वेळाने, "हे बघ. काउंटीच्या गोदामातून पुढच्या आठवड्यात मॅमॉला पलंग मिळेल, ते मी बघतो. म्हणजे तुझी खूण खरी होईल. थोडं लवकर खरं बोललीस, एवढंच."

वाटेतल्या एवढ्या सोप्या दाराकडे पाहून मला मोह झाला, हे येथे लिहून ठेवते. दुपारी मिस रोझलिन यांच्याकडे गेले. पलंगाची हकिगत ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. खोलीची किल्ली त्यांनी स्वतः मिस ओपल यांना दिली होती.

"मी काय करू?" मी विचारले.

"नियम काय म्हणतो?"

मला तो पाठ होता. नातेवाइकांच्या घरात मुलाला धोका नसेल, तर एखादी अट शिथिल करण्याची विनंती न्यायालयाला करता येते. मात्र धोका का नाही, हे कार्यकर्त्याने स्वतः पाहून लिहिले पाहिजे. दुसऱ्या आठवड्याच्या परीक्षेत मी हे अचूक लिहिले होते.

"न्यायाधीश ऐकतीलच असं नाही," मिस रोझलिन म्हणाल्या. "उसना पलंग म्हटल्यावर आजीनं आणखी काय लपवलं, असंही कुणी विचारेल. तू खरं लिहिलंस आणि पोरगी गेली, असंही होऊ शकतं. मी तुला खोटा धीर देणार नाही."

"तुम्ही असतात तर?"

"सही माझी नाही, मुक्ता."

बुधवार, १६ ऑक्टोबर

पुन्हा मॅमॉकडे गेलो. वेंडेल गाडीतच थांबले. "दोघं आत आलो तर तिला वाटेल, न्यायलाच आलो," ते म्हणाले.

मॅमॉ दारातच उभी होती. हात एप्रनमध्ये गुंडाळलेले. "ओपलनं सांगितलं तू येशील म्हणून. घेऊन जायला आलीस?"

"नाही. विचारायला आले."

"पलंग परत मागवू का? भाचा तासाभरात आणून देईल."

"नको. जाई खरंच कुठे झोपते, ते पाहायचंय."

मॅमॉच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा लाज अधिक होती. तिने माझ्याकडे न पाहता मान हलवली आणि जाईने माझे बोट धरले. मी बूट काढले. का काढले ते सांगता येणार नाही.

चुलीच्या खोलीला लागून मॅमॉची खोली आहे. रुंद, जुना पलंग. जाई बुटासकट त्यावर चढली. मॅमॉ म्हणाली, "बूट, राणीसरकार," तेव्हा तिने ते काढले. एक मोजा पिवळा होता, दुसरा पट्ट्यांचा. मग ती आडवी होऊन मला दाखवू लागली.

"हा मॅमॉचा खड्डा. हा माझा. माझा लहान आहे, पण खोल होतोय."

"आणि रात्री जाग आली तर?"

"मी बाही धरते." मॅमॉ शेजारी असल्यासारखा तिने हवेतच तिच्या बाहीचा काठ दोन बोटांत पकडून दाखवला. "मॅमॉ हलते का बघते. हलली की झोपते."

मॅमॉ खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्या सकाळी आई उठेना म्हणून हिनं किती हाका मारल्या असतील, देव जाणे. शेजारणीला आवाज गेला तेव्हा कळलं. मी वेगळी खोली करून दिली होती. दोन रात्री दारात येऊन उभी राहिली. मग मी म्हटलं, ये बाई."

मी औषधांची जागा पुन्हा पाहिली. कुलूप होते. पलंगापासून चुलीचे अंतर पाहिले. मॅमॉ झोपेच्या गोळ्या घेत नाही, मद्य घेत नाही, हे विचारून घेतले. मग जाईला विचारले, "इथे तुला भीती वाटते?"

तिने नीट विचार केला. "ओढ्याला पूर आला की वाटते. आणि तुमची गाडी आली की."

परतीच्या वाटेवर वेंडेल यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "लिही तू. मी खाली सही करतो. आधीची चूक माझी पण म्हणून लिही."

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आत्याला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती. निवृत्त झाल्यापासून ती चाकूरला भाड्याच्या खोलीत राहते. पलंग मात्र तोच, वीटही तीच.

"काल कोजागरीचं दूध केलं," ती म्हणाली. "एकटीला केवढं लागतं? तरी सवयीनं दोन पेले काढले. तुझा मांजरानं प्यायला."

"आत्या, मी गेल्यावर तू त्या पलंगावर नीट झोपत होतीस का गं?"

"हे काय आता?"

"सांग ना."

"नीट म्हणजे काय, अर्ध्यावरच झोपते अजून. भिंतीकडची बाजू तुझी. तिकडे कूसच वळत नाही बघ." मग हसून, "वेडे, कामाला लागलीस ना? असले प्रश्न विचारायचे पैसे देतात का तिकडे?"

मी या देशात उतरले त्या दिवशी आईबाबांनी माझ्यासाठी स्वतंत्र खोली सजवून ठेवली होती. नवा पलंग, गुलाबी चादर, टेबलावर दिवा. कितीतरी दिवस मी तो पलंग सोडून खाली गालिच्यावर, दाराला पाठ लावून झोपत असे. आई सकाळी दार ढकलायची आणि ते उघडायचे नाही. सगळ्यांनी तेव्हा ठरवले की मुलीला इथली हवा मानवत नाही. मीही तेच समजत होते, परवापर्यंत.

मिस ओपल यांनाही फोन केला. अहवालात त्यांचे नाव येणार आहे, हे त्यांना माझ्याकडून कळायला हवे होते.

"लिही," त्या म्हणाल्या. "फार फार तर सोंगं बंद करतील. म्हातारीला काय, घरी बसून खरीखुरी म्हातारी होईन." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो पलंग ना, लहानपणी माझा होता. त्या घरात, बाई अनाथ पोरं सांभाळायच्या तेव्हा, मी तीन वर्षं होते. बोंड मीच हरवलं. बाईंनी रीळ लावलं आणि रंग मला लावायला दिला."

एवढे दिवस त्यांनी हे कुणालाच सांगितले नव्हते. मी विचारले, "भीती वाटायची का तिथे?"

"पहिल्या हिवाळ्यात वाटायची," त्या म्हणाल्या. "मग बाईंनी पलंगाची चाकं फिरवली आणि तो त्यांच्या खोलीत नेला."

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सुनावणी दुपारी आहे.

अहवाल पूर्ण झाला. त्यात लिहिले आहे की दोन ऑक्टोबरला पाहिलेला पलंग उसना होता, तो प्रशिक्षणगृहातला होता, आणि तो ओळखूनही त्याचा अर्थ मी लावला नाही. मुलीने कुठे झोपावे हे पाहण्याआधी ती कुठे झोपते हे विचारणे माझे कर्तव्य होते, तेही लिहिले आहे. ती आजीसोबत झोपते. मी ती जागा पाहिली, आजीशी आणि मुलीशी बोलले, मला धोका आढळला नाही. स्वतंत्र पलंगाची अट शिथिल करावी. गोदामातून पलंग यावा, तो आजीच्याच खोलीत ठेवावा, आणि त्यावर केव्हा झोपायचे ते मुलीला ठरवू द्यावे. त्याखाली वेंडेल यांची सही आहे.

वाचताना मिस रोझलिन यांनी एका वाक्यावर बोट ठेवले. "हे काढ. अहवालात आपलं घर आणायचं नाही." त्यांचे म्हणणे योग्य होते. मी ते काढले. पण वाक्य चांगले बांधलेले होते, म्हणून येथे ठेवते:

'अहवाल लिहिणारी सतरा वर्षांची होईपर्यंत एका अपात्र घरात, दुसऱ्याच्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपली, आणि तिथून तिला तिच्या स्वतःच्या पलंगावर आणण्यात आले, तेव्हा तिला विचारलेले नव्हते.'

दुपारी काय होईल, मला माहीत नाही. बाहेर थंडी पडली आहे. मॅमॉकडे चूल पेटली असेल. जाईला शाळेची बस आठला येते, म्हणजे ती आता फळ्यांच्या पुलावरून गेलेली असेल.

अहवाल न्यायालयाकडे पाठवला: शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४, सकाळी ८ वाजून ५२ मिनिटे.